बाकावरच्या आठांची नावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर दक्षिण आफ्रिकेचे रग्बी प्रशिक्षक रस्सी इरास्मस यांच्यावरचा लेख वाचला. मराठी पेपरात रग्बीला अर्धं पान मिळालं याचंच आधी अप्रूप वाटलं. दोन विश्वचषक, सिया कोलिसीला दिलेलं कर्णधारपद, पंचांविरुद्धच्या व्हिडिओचं प्रकरण, सगळं त्यात आलंय. पण या माणसानं खेळात जी खरी उलथापालथ केली ती राखीव खेळाडूंच्या बाकावर, आणि तिची बोळवण लेखात एका वाक्यात झाली आहे. म्हणून हे पत्र.

मी रग्बीचा माणूस नव्हे. शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवली, त्याआधी कबड्डी खेळलो. खेळलो म्हणजे संघात होतो. मैदानात सात जण, आणि मी आठवा. दोन मोसम मी टॉवेल सांभाळला, पाण्याची कळशी भरली, नी-कॅप धुऊन वाळत घातल्या. एका अंतिम सामन्यात आमच्या उजव्या कोपऱ्याचा घोटा सुजून टम्म झाला होता. सगळ्या मैदानाला दिसत होतं. मी बाकावर उठून अंग मोकळं करायला लागलो तर आमचे मास्तर म्हणाले, "बस रे, तो ओढेल." तो ओढत राहिला आणि आम्ही हरलो. मास्तरांवर राग नाही. त्या काळी राखीव म्हणजे अडीअडचणीला, एवढीच समज होती.

रग्बीशी माझी ओळख पुतणीमुळे. ती पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळते. २०२३ ची विश्वचषकाची फायनल तिनं मला शेजारी बसवून दाखवली. त्या रात्री कोजागिरी होती आणि नेमकं चंद्रग्रहण. वेध लागलेत म्हणून सौ.नी दूध आटवलंच नाही. सामना आपल्याकडच्या रात्री साडेबाराला सुरू झाला. गच्चीवर चंद्राला खालून कड लागलेली आणि मोबाइलच्या पडद्यावर हिरव्या जर्सीतले आफ्रिकेचे आडदांड गडी काळ्या जर्सीवाल्या न्यूझीलंडकरांना कमरेत पकडून खाली घेत होते. पकड बघितली आणि मी चष्मा लावून सरसावून बसलो.

नावाचीही गंमत आहे. रस्सी! स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ डोकी एकमेकांत अडकवून रेटारेटी होते. ती रस्सीखेचच, फक्त उलटी. इथे ओढायचं नाही, ढकलायचं.

इरास्मस फ्लँकर होते, म्हणजे त्याच स्क्रमच्या कडेला राहून चेंडू सुटला की झडप घालणारा गडी. १९९७ ते २००१ या काळात ते स्प्रिंगबॉक्सकडून, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाकडून, ३६ कसोटी (आंतरराष्ट्रीय सामने) खेळले. १९९९ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियानं उपांत्य फेरीत जादा वेळेत २७-२१ असं हरवलं, त्या संघात ते होते. चांगले खेळाडू, पण पुतळा उभारावा असे नव्हेत. दुखापतींनी कारकीर्द लवकर आटोपली. पण आपल्या लेखात म्हटल्याप्रमाणे निवृत्तीनंतर ते 'प्रशिक्षणाकडे वळले' हे मला फारसं पटत नाही. वळायला आधी पाठ फिरवावी लागते. २००४ च्या सुमारास खेळणं संपलं आणि लगेच ज्या फ्री स्टेटकडून खेळले त्याच संघाचे ते प्रशिक्षक झाले. २००५ मध्ये त्या संघानं करी कप ही तिथली देशांतर्गत स्पर्धा जिंकली, १९७६ नंतर पहिल्यांदा. तिथे ते स्टेडियमच्या छतावरून रंगीत दिवे लावून खेळाडूंना इशारे द्यायचे. लोक हसले. आपल्याकडेही हसले असते. जत्रेतल्या पाळण्याला असतात तसले दिवे म्हणे!

पुढे आयर्लंडचा मुन्स्टर संघ. तिथे २०१६ मध्ये त्यांचे सहकारी आणि मुख्य प्रशिक्षक अँथनी फोली यांचं पॅरिसमध्ये अचानक निधन झालं आणि तो दुखवट्यातला संघ यांना सांभाळावा लागला. मग २०१८ मध्ये मायदेशाचा संघ. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूझीलंडकडून ५७-० असा मार खाल्लेला संघ तो.

आता बाकाकडे येतो. रग्बीत मैदानात पंधरा आणि बाकावर आठ. पंधरांत आठ पुढचे, ढकलाढकलीचे. सात मागचे, पळण्या-फेकण्याचे. बदली म्हणून एकदा बाहेर गेलेला गडी, दुखापतीचे काही अपवाद सोडले तर, परत येत नाही. बाकावर साधारणपणे पाच पुढचे नि तीन मागचे ठेवायची रीत होती. इरास्मस यांनी २०१९ मध्ये सहा-दोन केलं. त्या सहांत मॅल्कम मार्क्स होता, जगातल्या अव्वल हुकरांपैकी एक. (हुकर म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला गडी.) स्टीव्हन किट्सहॉफ होता. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या पहिल्या पंधरांत डोळे झाकून बसतील असे गडी यांनी मुद्दाम बाकावर बसवले. हिशेब सोपा: दमलेल्या जोडीदाराच्या जागी ताजा जोडीदार नाही, तर दमलेल्या शत्रूसमोर आपला ताजा पैलवान. त्या बाकाला 'बॉम्ब स्क्वॉड' नाव पडलं आणि राखीव असणं ही मिरवायची गोष्ट झाली. योकोहामाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडला ३२-१२ हरवलं, तेव्हा हुकर म्बोनाम्बी आणि लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला) डी यागर पूर्वार्धातच जायबंदी होऊन बाहेर गेले होते. मार्क्स आणि मोस्टर्ट आत आले. स्क्रमचा जोर तसूभरही कमी झाला नाही.

२०२३ मध्ये यांनी कमाल केली. बाकावर सात पुढचे आणि मागचा एकच. (मुख्य प्रशिक्षक तेव्हा जॅक निनाबर होते, इरास्मस रग्बी संचालक. निनाबर मुळात फिजिओथेरपिस्ट. दोघांची जुनी जोडी, त्यामुळे कल्पना कुणाची नि जबाबदारी कुणाची हे वेगळं काढण्यात अर्थ नाही.) स्पर्धेत मार्क्सचा गुडघा गेला. हुकर गेला तर दुसरा हुकर बोलवावा. यांनी बोलावला हँड्रे पोलार्ड, लाथेनं गुण मारणारा. कोपरारक्षक जायबंदी झाला म्हणून चढाईपटू बोलावण्यातला प्रकार. गावात असं केलं असतं तर पंच कमिटीनं जाब विचारला असता.

तो पोलार्ड इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बाकावर होता. अर्धा तास उलटला आणि मानी लिबॉकला बाहेर काढून त्याला आत पाठवला. पूर्वार्धात आपल्या हुकमी खेळाडूला बाहेर बोलावणं म्हणजे चारचौघांत 'माझी निवड चुकली' म्हणणं. किती प्रशिक्षकांच्या तोंडून ते निघतं? एकोणसत्तराव्या मिनिटापर्यंत इंग्लंड १५-६ पुढे. मग ट्राय केला, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, आरजी स्नायमननं: राखीव. शेवटच्या मिनिटांत स्क्रम मोडून पेनल्टी मिळवून दिली ऑक्स न्चेनं: राखीव. आणि जवळपास पन्नास मीटरवरून ती मारली पोलार्डनं. १६-१५. आपल्या पेपरात दुसऱ्या दिवशी स्कोअर आला होता, संघ आला नव्हता. आला असता तरी पंधरा नावं आली असती आणि सामना जिंकणारे तिघंही त्यात नसते.

अंतिम सामन्यात तर म्बोनाम्बी पहिल्या काही मिनिटांतच गुडघा धरून बसला. दुसरा पक्का हुकर नाहीच. आत आला डिऑन फूरी, वय ३७, तेव्हा मुख्यतः फ्लँकर, हुकरची जागाही चालवणारा. लाइनआउटचे थ्रो (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकायचा, ते हुकरचं काम) डळमळू लागले. मी पुतणीला म्हटलं, "बघ, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." ती म्हणाली, "काका, गप बसा." फूरीनं जवळजवळ सगळा सामना ओढला आणि आफ्रिका १२-११ नं जिंकली. उपउपांत्य फेरीतही फ्रान्सवर २९-२८ असा एकाच गुणानं विजय होता. म्हणजे सलग तीन सामने एकेका गुणानं. नशीब नव्हतं असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन लाल कार्डानं बाहेर गेला होता, त्यांची मोक्याची किक हुकली होती. पण त्या रात्री मला फूरीच दिसत राहिला. 'तो ओढेल' आणि 'तू ओढ' यात फरक आहे.

सात-एकवर टीकाही झाली, आणि ती सगळी जळफळाटाची नाही. साठ मिनिटं झुंजून थकलेल्या माणसावर ताज्या दमाचे सव्वाशे किलोवाले सोडले तर त्याची मान-पाठ धोक्यात येते, हा मुद्दा रास्त आहे. नियम बदलायचा तर जरूर बदलावा. तोवर नियमातली फट शोधणं हे प्रशिक्षकाचं कामच, असं मला वाटतं.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र आपल्या लेखकानं त्यांना फार सांभाळून घेतलंय. २०२१ मध्ये लायन्सविरुद्धची (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) पहिली कसोटी हरल्यावर पंच निक बेरी यांच्या निर्णयांची चिरफाड करणारा तासाभराहून लांब व्हिडिओ बाहेर आला. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं शिट्टी वाजवलेला माणूस म्हणून सांगतो, पंचाला असं चव्हाट्यावर आणणं वाईट. दोन महिने सर्व रग्बीतून आणि २०२२ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत सामन्याच्या दिवशीच्या कामातून बंदी झाली, ती योग्यच होती. त्याच मालिकेत ते स्वतः पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावत होते. पाणी देणाऱ्याला आत जाता येतं, निरोप देता येतो, ही पुन्हा एक फट. पुढे नियम करून ती बुजवावी लागली. चूक-बरोबर बाजूला ठेवा, पण विश्वविजेत्या संघाचा मुख्य माणूस कळशीवाल्याच्या कामाला लागलेला पाहून मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं. त्या मालिकेचा शेवटही बाकावरूनच झाला. तिसऱ्या कसोटीत मॉर्ने स्टेन सदतिसाव्या वर्षी बदली म्हणून आत आला आणि अगदी शेवटी पेनल्टी मारून १९-१६ केलं. २००९ मध्येही लायन्सविरुद्ध बदली म्हणूनच येऊन त्यानं हेच केलं होतं.

आपल्या क्रीडा विभागाला तक्रार नाही, विनंती आहे. रग्बी सोडा, ती आपल्याकडे वर्षातून एकदा छापून येते. पण परवाच्या जिल्हा कबड्डी स्पर्धेच्या बातमीत विजेत्या संघातल्या सातच मुलींची नावं होती. संघ बाराचा असतो. उरलेल्या पाच मुलींच्या घरीही त्या दिवशी पेपर विकत घेतला गेला असणार. बारा नावं छापायला दीड ओळ जास्त लागते, मी आपल्याच अंकावर पट्टी ठेवून मोजली आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, तासगाव