बर्डीच्या स्कॅनरवाल्या काकांस, जाहीर आभार

नागपूर

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपले आभार मी आपल्याच दुकानात, काउंटरच्या या बाजूला उभी राहून, तीनदा मानायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आपण "राहू द्या ताई, मागं गिऱ्हाईक उभं आहे" असे म्हणून मला वाटेला लावले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. धंतोलीत, रामदासपेठेत, महालात जुन्या कागदांनी भरलेली कपाटे असणारी घरे आजही पुष्कळ आहेत. आपण मला सांगितलेल्या गोष्टी त्या घरांपर्यंत पोहोचाव्यात, हेही एक कारण आहे.

बाबा गेल्यानंतर घरातली दोन कपाटे माझ्या वाट्याला आली. एकात आजोबांचे वकिलीचे कागद होते. १९३६ ते १९५६ या काळात नागपूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते आणि आजोबांच्या उमेदीची सगळी वर्षे त्याच काळात गेली. त्यामुळे टंकलिखित अर्ज, निकालांच्या नकला आणि कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावरच्या कार्बन प्रती असे सारे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास पाने होती. दुसऱ्या कपाटात बाबांनी काढलेल्या फोटोंची कृष्णधवल निगेटिव्ह, काही रंगीत स्लाइड, अल्बम आणि आजोबांच्या जाड पुठ्ठ्याच्या दैनंदिन्या होत्या. हे सगळे स्कॅन करायचे म्हणून मी एका दुकानातून प्रिंटर, स्कॅनर आणि झेरॉक्स एकत्र असलेले यंत्र आणले. "यात सगळं होते," असे तिथे मला सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी मी ते यंत्र रिक्षात घालून आपल्याकडे घेऊन आले, ते बिघडले आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती म्हणून. दैनंदिनीच्या दोन पानांमधली, शिवणीजवळची अक्षरे दरवेळी काळपट आणि पुसट येत होती.

आपण यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. "आधी कागद दाखवा, मशीन मंग पाहू," हे आपले पहिले वाक्य होते. मी सोबत दैनंदिनी आणलीच नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि तेव्हा आपण जे केले ते माझ्या डोळ्यांसमोर अजून तसेच आहे. आपण खिशातून काड्यापेटी काढली, तिच्यावर आपल्या स्टीलच्या पट्टीचे एक टोक टेकवले, दुसरे टोक काचेवरच ठेवले आणि अशी तिरपी पट्टी माझ्या यंत्रावर स्कॅन केली. पडद्यावर काचेला टेकलेल्या बाजूच्या मिलिमीटरच्या खुणा लख्ख दिसत होत्या. पट्टी जसजशी वर उचलली जात होती तसतशा त्या विरघळत गेल्या आणि काही मिलिमीटरच्या उंचीवर नुसता करडा पट्टा उरला. मग तीच पट्टी आणि तीच काड्यापेटी आपण आपल्या टेबलावरच्या एका जाडजूड, जुन्या फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, ठेवली. तिथे उचललेल्या टोकाच्या खुणासुद्धा मोजता येत होत्या. तेव्हा कुठे मला कळले की माझे यंत्र धडधाकट होते, पण त्यातला सेन्सर सीआयएस प्रकारचा होता, म्हणजे कागदाला जवळजवळ खेटून सरकणारा, त्यामुळे काचेला टेकलेलेच तेवढे स्पष्ट पाहणारा. आणि आपल्या जुन्या यंत्रात सीसीडी होता, जो आरसे आणि भिंग यांच्या मदतीने पाहतो आणि म्हणून काचेपासून थोडे वर असलेलेही ओळखतो. सीआयएसची यंत्रे पातळ, हलकी, स्वस्त असतात आणि पुष्कळदा यूएसबीच्याच विजेवर चालतात. सुट्या सपाट कागदासाठी ती उत्तमच, असेही आपण लगेच सांगितलेत. कोणत्याही मालाची निंदा न करता त्याची मर्यादा सांगणारा माणूस बाजारात विरळा भेटतो.

त्याच दिवशी आपण पावतीच्या पाठीमागे एक हिशेब मांडला होता. ती पावती मी जपून ठेवली आहे. झाकण उघडणे, पान ठेवणे, स्कॅन, पुन्हा झाकण, असे एका पानाला पाऊण मिनिट धरले तरी साडेपाच हजार पानांना जवळजवळ एकोणसत्तर तास लागतात. त्यामुळे सुट्या कागदांसाठी आपोआप पान ओढणारा फीडर हवाच, आणि तोही फुलस्केप कागद घेईल असा, कारण आजोबांचे बरेचसे कागद ए-फोरपेक्षा लांब असल्यामुळे साध्या फ्लॅटबेडच्या काचेवर मावतच नव्हते. नवा महागडा फीडर विकण्याची संधी समोर असताना आपण मला एका ओळखीच्या कार्यालयातून निघालेला, लीगल आकारापर्यंत कागद घेणारा वापरलेला फीडर मिळवून दिलात, त्याचे झिजलेले रबर बदलून दिलेत आणि पैसे घेतलेत ते रबराचे आणि साफसफाईचे.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही आपण मला सावध केलेत. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक पान रंगीत आणि १२०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके या मापाने, घेतले होते, जास्त म्हणजे चांगले या हिशेबाने. फाइल न आकसता ठेवलेले एक ए-फोर पान त्या मापाने ४०० एमबीच्या वर जाते. ३०० डीपीआयवर तेच पान २५ एमबीच्या आसपास बसते. हे ऐकून माझी हार्ड डिस्क कशाने भरली याचा उलगडा झाला. टंकलिखित कागदाला ३०० डीपीआय आणि करड्या छटा, अल्बममधल्या लहान फोटोंना ६००, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मला किमान २४००, अशी मापे आपण ठरवून दिलीत. तेवढ्याने फिल्मची एक चौकट साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलांची होते आणि घरच्या वापराला ती पुरून उरते. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या आकड्याकडे न पाहता 'ऑप्टिकल' हा शब्द शोधायचा, हेही तेव्हाच शिकले.

आता उभ्या रेघेबद्दल. फीडरवर पहिले सहाशे कागद सुरळीत गेले आणि मग प्रत्येक पानावर, डाव्या कडेपासून चार बोटांवर, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येऊ लागली. मी तीन दिवस मोठी काच पुसत होते; मऊ कापडाने, वर्तमानपत्राने, शेवटी चष्म्याच्या द्रावणानेसुद्धा. चौथ्या दिवशी आपण घरी आलात, माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "तुम्ही भलतीच काच पुसून राहिल्या, ताई." मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची दुसरी एक काच असते, फीडरमधून सरकणारा कागद तिच्यावरून जातो आणि सेन्सर तिच्याखाली एका जागी थांबून असतो, ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. कागद हलतो, सेन्सर हलत नाही, म्हणून त्या पट्टीवरचा मोहरीएवढा ठिपकासुद्धा पूर्ण पानभर रेघ होऊन उमटतो. आपण मोबाइलचा दिवा तिरपा धरून तो ठिपका शोधलात, तो कुठल्याशा जुन्या तिकिटाचा वाळलेला डिंक होता, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडात नख गुंडाळून तो अलगद काढलात. दोन मिनिटांचे काम होते. माझे तीन दिवस आठवून आजही मला स्वतःचे हसू येते.

मे महिन्यातल्या दुहेरी पानांचे कारण मात्र आपल्यालाही लगेच सापडले नव्हते, आणि त्यासाठी आपण दोन फेऱ्या मारल्यात याचा संकोच मला अजून वाटतो. रबर नवे, रोलर स्वच्छ, तरीही फीडर दुपारी दोन-दोन, तीन-तीन पाने एकदम ओढत असे आणि सकाळी मात्र शहाण्यासारखा वागत असे. दुसऱ्या फेरीत आपण टेबलावरचा गठ्ठा उचलून हातात खेळवलात, मान वळवून कूलरकडे पाहिलेत आणि कूलर बंद करायला सांगितलेत. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान आणि खोलीत खसच्या जाळीतून येणारा ओलसर वारा थेट गठ्ठ्यावर, त्यामुळे जुना सच्छिद्र कागद दमट होऊन एकमेकांना चिकटत होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा असे सांगणे सोपे नाही! आपण मग टेबल दुसऱ्या भिंतीला लावून दिलेत, गठ्ठा स्कॅनपूर्वी पत्त्यांसारखा मोकळा करायला शिकवलेत आणि सगळ्यात पातळ प्रती फीडरला देऊच नका असे बजावलेत. त्या प्रती मी फ्लॅटबेडवरच घेतल्या, मागे काळा कागद ठेवून, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटत नाहीत. फाटके कागद पारदर्शक वाहक पाकिटात घालून गेले. टाचण्या मात्र मी स्वतःच काढल्या. किती, ते मोजले नाही.

दैनंदिन्या आणि फिल्म यांच्यासाठी आपण जुना सीसीडी फ्लॅटबेड दिलात, ज्याच्या झाकणातही दिवा आहे. तो घरी चालू करताच असा काही करकरला की मी घाबरून वायरच उपटली आणि आपल्याला फोन केला. फोनवर आपण शांतपणे विचारलेत, "खालचं कुलूप उघडलं का?" नेताना आतला सरकता भाग आदळू नये म्हणून अशा यंत्रांना तळाशी एक कुलूप असते आणि ते मी उघडलेच नव्हते. "बिघडलं नाही, तुम्ही त्याला बांधून ठेवलं," हे आपले वाक्य आमच्या घरात आता कशालाही लागू केले जाते.

त्यानंतरचा अडथळा ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला यंत्र चालवता यावे म्हणून लागणाऱ्या प्रोग्रामचा, होता. यंत्र ज्या काळातले, त्या काळचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. माझे विंडोज ६४ बिटांचे, आणि तिथे असा ड्रायव्हर चालत नाही. दुसऱ्या कोणी यंत्र भंगारात काढायला सांगितले असते. आपण दोन वाटा सांगितल्यात: स्वतःचे ड्रायव्हर सोबत आणणारा व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्राम, किंवा लिनक्सवरची सेन ही मोफत व्यवस्था. मी पहिली वाट घेतली. अर्ध्या स्कॅनमध्ये जोड तुटण्याचा प्रकार, केबल मधल्या हबमधून काढून संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावल्यावर संपला.

निगेटिव्हच्या बाबतीत आपण मला एका मोठ्या चुकीतून वाचवलेत. सॉफ्टवेअरमध्ये धूळ आपोआप काढण्याची सोय दिसली म्हणून मी ती आनंदाने चालू केली होती, आणि बाबांनी काढलेल्या रामटेकच्या फोटोत मंदिराच्या कडा मेण वितळल्यासारख्या झाल्या. ही सोय अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधले रंग ते किरण आरपार जाऊ देतात आणि धूळ तेवढी अडवते, पण कृष्णधवल फिल्ममधली चांदीच ते किरण अडवते, त्यामुळे यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटते, हे आपण समजावून दिलेत. मग ती सोय बंद, हवेचा फुगा आणि मऊ ब्रश. फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या टोकाची मोकळी खाच झाकायची नाही, कारण दिव्याचे माप यंत्र तिथूनच घेते, आणि ती झाकली तर चित्रभर रंगीत पट्टे येतात, हेही आपण सांगितले नसते तर मी पुन्हा काच पुसत बसले असते.

एका गोष्टीत आपण कोणतेच यंत्र वापरू दिले नाहीत. १९४७ च्या दैनंदिनीची शिवण सुटत आली होती. ती काचेवर उपडी दाबायला आपण सरळ मनाई केलीत, दोन उशांच्या खोबणीत ती अर्धवट उघडी ठेवलीत, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत दिवे लावलेत आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्याने पानागणिक फोटो घ्यायला लावलेत. पंधरा ऑगस्टच्या पानावर आजोबांनी दोनच ओळी लिहिल्या आहेत. पहिलीत सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढलेल्या झेंड्याचा उल्लेख आहे, आणि दुसरीत दुसऱ्या दिवशीच्या दाव्याची वेळ आहे. ते पान आपण माझ्याआधी वाचलेत आणि वही माझ्याकडे सरकवून काही न बोलता दिवा जरा हलवलात.

आता कपाटातले सुटे कागद संपले आहेत, दैनंदिन्यांपैकी शेवटच्या दोन उरल्या आहेत आणि स्लाइडचा एक डबा बाकी आहे. टंकलिखित इंग्रजी कागदांवर अक्षरओळख, म्हणजे चित्रातली अक्षरे शोधता येण्याजोगी करणारी सोय, चालवली, तेव्हा आजोबांचे नाव शोधल्यावर ते दोनशेहून अधिक ठिकाणी सापडले. हाताने लिहिलेले मराठी मात्र मी सवडीने स्वतःच वाचत आहे.

आपली स्टीलची पट्टी त्या गडबडीत माझ्याकडेच राहिली आहे. ती घेऊन पुढच्या मंगळवारी दुपारी येते. सोबत स्लाइडचा डबाही आणते, आधी कागद दाखवायचा असतो म्हणून.

आपली नम्र,
धंतोलीच्या वकीलसाहेबांची नात