गाठ एक, आजार दोन

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय वश्या,

चार महिने पत्र नाही. शिव्या घाल, हक्क आहे तुझा. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

लिहितोय कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. साठीच्या गृहस्थांची काखेतली गाठ. पहिल्या नजरेत सरळ फॉलिक्युलर लिम्फोमा, लसिकाग्रंथीचा कॅन्सर: फॉलिकलच्या (बी पेशींच्या गोल पुंजक्यांच्या) पोटात सीडी१० आणि बीसीएल२ हे दोन्ही मार्कर पॉझिटिव्ह. रिपोर्ट सुटणारच होता. पण भोवतीचं कडं, मँटल झोन, जरा जाड वाटलं, तिथल्या बी पेशींवर सीडी५, जो एरवी टी पेशींवर असतो. (टी पेशींचा मार्कर सीडी३ शेजारी ठेवून बघितलं, टी पेशी नव्हेत.) मँटल सेल लिम्फोमाचा मार्कर सायक्लिन डी१ लावला तर फॉलिकलभोवती तपकिरी कडं! आत फॉलिक्युलर, बाहेर मँटल सेल, म्हणजे दुसराच लिम्फोमा. 'सायक्लिन डी१ प्रत्येकाला लावणं म्हणजे उधळपट्टी' म्हणणाऱ्या, आता बोल. आणि गाठ न काढता नुसती सुई घालून पेशी ओढल्या असत्या तर हे कधीच दिसलं नसतं.

फ्लोत (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रात) एकच क्लोन, म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, आला, सीडी१०वाला. गेट (कुठल्या पेशी मोजायच्या ती चौकट) मोठ्या टोळीवर बांधलं की लहान टोळी त्यात बुडते. जुन्याच डेटावर सीडी१९ (बी पेशींचा मार्कर) आणि सीडी५चं वेगळं गेट घालून कप्पा-लॅम्डा या लाइट चेन बघायला सांगितलंय. लाइट चेन निराळ्या आल्या तर दोन क्लोन पक्के. सारख्या आल्या तर काहीच सिद्ध होत नाही.

पण झोप उडवलीय ती दुसऱ्याच गोष्टीनं. मँटलवाला कड्यातच बसलाय, की कडं फोडून बाहेर पसरलाय? आत असेल तर इन सिटू (जागच्या जागी), त्याच्यापुरती फक्त नजर ठेवायची. बाहेर असेल तर उपचार त्याच्या हिशोबानं. दोन ठिकाणी पेशी फॉलिकलच्या मधल्या जागेत सांडल्यासारख्या दिसतात, आणि नेमकं तिथंच फिक्सेशन वाईट! अर्धी गाठ अख्खीच फॉर्मलिनमध्ये टाकली होती. २-३ मिमीच्या चकत्या केल्या असत्या तर मधला भाग असा कुजला नसता. सॉक्स११ (मँटल सेलचाच मार्कर) तिथं ठिपक्याठिपक्यानं उठतोय, त्यावर विश्वास कसा ठेवू? ब्लॉक आणखी खोल कापतोय.

फिश (क्रोमोसोमची अदलाबदल दाखवणारी चाचणी) तुझ्याकडे. ११;१४ (मँटल सेलची) आणि १४;१८ (फॉलिक्युलरची) दोन्ही, पण फॉलिकल आणि कडं वेगळं मोजायचं; सरसकट मोजलंस तर सगळी खिचडी. जमलं तर दोन्ही भाग वेगळे खरवडून आयजीएच पीसीआर (बी पेशींच्या अँटिबॉडी-जीनची तपासणी). दोन्हींचा पूर्वज एकच निघाला तर मजा आहे.

बदलीचं काय झालं? चिंगीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

४ मायक्रॉनच्या बारा कोऱ्या स्लाइड, चार्ज्ड काचेवर, उद्या कुरियरनं निघतील. एचअँडईवर (नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर) मी शाईनं गोल केलेत. ब्लॉक मात्र मागू नकोस. मागचा तू हरवलास, अजून विसरलो नाही.

तुझा,
बाळ्या