सनद वाटून केलेले राजे

महोदय,

ब्रिटिशांनी आफ्रिकेत स्थानिक राजांना हात न लावता सौम्यपणे राज्य केले, असा सूर आपल्या पुरवणीतील वसाहतींवरच्या लेखात होता. उत्तर नायजेरियातसुद्धा तो धड खरा नाही. तिथला ब्रिटिश हाय कमिशनर लुगार्ड याने १९०३ मध्ये कानो आणि सोकोटो ही मुस्लिम राज्ये बंदुकीच्या जोरावर घेतली, आपल्याला मानवतील असे अमीर, म्हणजे तिथले राजे, गादीवर बसवले आणि वर रेसिडेंट नेमला. लुगार्डचा जन्म मद्रासचा, सुरुवातीची नोकरी हिंदुस्थानातली. रेसिडेंट म्हणजे काय, हे पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पण लेखात आग्नेय नायजेरियाचा उल्लेखही नाही, आणि खरी गोष्ट तिथली आहे. तिथल्या इग्बो लोकांच्या मुलखात बहुतेक गावांना राजा नव्हताच. वडीलधारी मंडळी, समवयस्कांचे गट आणि बायकांच्या स्वतंत्र बैठका यांतून कारभार चाले. इंग्रजांना मात्र हुकूम घेणारा एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनदा वाटून प्रमुख तयार केले. आपल्याकडच्या पाटलाला निदान पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन असे. यांच्यापाशी नुसता कागद. त्या कागदावर ते नेटिव्ह कोर्टात निवाडे देत, रस्त्यांसाठी वेठबिगारीला माणसे धरून नेत. पुष्कळांना वाचता येत नसे, त्यामुळे कोर्टातला कारकून शिरजोर. लाचखोरी तर विचारूच नका.

१९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. पुढच्या वर्षी पामतेलाचे भाव उतरले आणि नोव्हेंबरात ओलोको गावी प्रमुख ओकुगोचा माणूस न्वान्येरुवा या बाईच्या दारी मोजदादीला आला. शेळ्या मेंढ्या किती, माणसे किती? तुझ्या आईची मोजणी झाली का, असे तिने त्यालाच सुनावले. आता बायकांवरही कर येणार, हे ओळखून तिने बाजारात वर्दी दिली. हजारो बायका जमल्या, प्रमुखांच्या दारांत ठाण मांडून गाणी म्हणू लागल्या, प्रमुखपदाची खूण असलेल्या सनदी टोप्या परत मागू लागल्या. कित्येक नेटिव्ह कोर्टे त्यांनी मोडली, जाळली. सरकारने गोळीबार केला. पन्नासहून अधिक बायका मेल्या.

ओकुगोला तुरुंगात जावे लागले. पुढे सनदी प्रमुखांची पद्धत मोडीत निघाली आणि एकाऐवजी अनेकांच्या पंचायती कोर्टात बसू लागल्या. बायकांवर कर बसला नाही, पुरुषांवरचा राहिला.

या बायकांवर आपण सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा