कुष्ठरोग निवारण दिनाला काम नेमून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य आणि समाजप्रबोधनाच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या निरनिराळ्या ‘दिनां’ची वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून टिंगल होते आणि तिच्यातला बराचसा भाग मला मान्य आहे. फलक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, सामूहिक शपथ आणि समाजमाध्यमांवर टाकलेले छायाचित्र एवढ्यावर आटोपणारे दिन फार झाले आहेत. त्यांतले काही तर औषधे व उपकरणे विकणाऱ्यांच्याच सोयीचे आहेत. तरीही हे सगळे दिन सरसकट मोडीत काढावेत, या सूचनेला माझा विरोध आहे. तो मी एकाच दिनाच्या आधारे मांडतो, कारण त्या दिनाशी संबंधित कामातच माझी नोकरी गेली. महात्मा गांधींची पुण्यतिथी म्हणून ३० जानेवारी सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवशी आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन असतो, आणि २०१७ पासून त्याला जोडून ‘स्पर्श’ नावाचे जनजागृती अभियान चालते, हे मात्र आरोग्य खात्याबाहेर फारसे कोणाच्या गावी नसते.

जगात हा दिन जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाळतात. राऊल फोलेरो या फ्रेंच गृहस्थांनी १९५४ मध्ये ती प्रथा सुरू केली. भारताने ३० जानेवारी ही तारीख घेतली, त्यामागे सेवाग्रामचा इतिहास आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांच्यासाठी कुटी उभारली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. कुष्ठसेवेला त्यांनी रचनात्मक कार्यक्रमातही स्थान दिले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याला १९४९ पासून आनंदवनात बाबा आमटे अशी थोर माणसे विदर्भाच्या या एवढ्याशा पट्ट्यात या कामाला लागली. त्याच विदर्भातल्या चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण सापडत राहावेत, ही गोष्ट माझ्यासारख्याला बोचते.

या रोगाला दिन का हवा, याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. बहुतेक आजार रुग्णाला स्वतःच दवाखान्यात आणतात, कारण ताप येतो, दुखते, खाज सुटते. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि बोट फिरवले तरी तिथे काही जाणवत नाही. जिवाणू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे आणि क्वचित वीस वर्षेही जातात. मधल्या काळात माणूस शेतात राबत असतो, लग्नकार्ये उरकत असतो. पाठीवरचा चट्टा तर त्याला स्वतःला दिसतही नाही. मज्जातंतू जाड होऊन हाताची बोटे वाकू लागली किंवा तळपायाला न कळत जखम झाली म्हणजे तो आमच्याकडे येई, आणि तोपर्यंत जे नुकसान झाले असेल, त्यातले बरेचसे भरून येत नसे. गरम भांडे उचलून हात भाजला तरी कळले नाही, असे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ज्या रोगाची तक्रार रुग्ण स्वतः करत नाही, त्याची विचारपूस दुसऱ्या कोणी ठरवून करावी लागते. ही विचारपूस ‘सवड मिळेल तेव्हा’ यावर सोडली की कधीच होत नाही. तिला तारीख लागते.

दुसरे कारण लाजेचे आहे. १९८० च्या दशकापासून आपल्या देशात बहुविध औषधोपचार म्हणजे एमडीटी मोफत मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण पूर्ण बरा होतो आणि गोळ्या सुरू होताच त्याच्यापासून इतरांना होणारी लागण झपाट्याने थांबते. कायदाही उशिरा का होईना बदलला. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये काढली गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तरी नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग आहे एवढ्यावर संसार मोडता येत होता! घरात मुलगी लग्नाची आहे म्हणून चट्टा लपवणारे आईबाप आजही भेटतात, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. अशा ठिकाणी सरपंच, शिक्षक, डॉक्टर यांनी भर ग्रामसभेत उभे राहून या रोगाचे नाव मोठ्याने घ्यावे आणि तो बरा होतो असे सांगावे, याला मोल आहे. एरवी ते नाव कुजबुजीतच घेतले जाते.

मात्र नुसते नाव घेऊन भागत नाही, हे पल्स पोलिओने आपल्याला शिकवायला हवे होते. १९९५ पासून ‘पोलिओ रविवार’ हा शब्द खेड्यापाड्यांतल्या आजीलाही कळू लागला, कारण त्या दिवशी करायचे काम एकच आणि स्पष्ट होते: पाच वर्षांखालचे मूल बूथवर न्यायचे, दोन थेंब पाजायचे, करंगळीला शाई लावून घ्यायची. जे मूल राहिले, त्याच्या घरी पुढच्या दिवसांत कर्मचारी जात. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. एवढे यश एकट्या रविवारांचे नव्हे, लस आणि पैसा दोन्ही भरपूर होते. पण त्या दिवसाला हातात धरता येईल असे काम होते आणि संध्याकाळी त्याचा हिशेब होत असे. ३० जानेवारीला यातले काय होते? शाळकरी मुले शपथ घेतात आणि घरी जातात.

मुलांना रोग समजावून सांगू नये असे मी म्हणत नाही. पण लपलेले रुग्ण मुख्यतः कुठे आहेत, याचा विचार करा. ते वीटभट्टीवर आहेत, ऊसतोडीच्या टोळ्यांत आहेत, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत आहेत. २०१६ पासूनच्या शोधमोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक असे पथक घरोघर फिरते, ही योजना चांगली आहे. परंतु पथक दारात येते तेव्हा कामावर गेलेला माणूस तपासायचा राहतो आणि घरातली बाई अंग दाखवायला संकोचते. त्यासाठी ३० जानेवारीचे काम असे ठरवावे की प्रत्येक घरात त्या संध्याकाळी एकमेकांची पाठ, दंड, मांड्या नीट उजेडात पाहायच्या आणि बधिर चट्टा दिसला तर उपकेंद्रात जायचे. मुकादमाने, ठेकेदाराने आपल्या माणसांना त्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी देऊन तपासणीला पाठवायचे. तपासणी आडोशाला आणि शक्यतो बाईची बाईने करायची, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण मैदानात रांग लावून अंगावरचे कपडे काढायला लावणारी शिबिरेही मी पाहिली आहेत.

हिशेबाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण दुखणे तिथे आहे. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाल्यामुळे डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत ते बरोबरही होते, पण लोकांनी आणि काही अधिकाऱ्यांनीही त्याचा अर्थ ‘रोग गेला’ असा घेतला. त्याच सुमारास कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली होती. चट्टा ओळखणारे जुने हात निवृत्त होत गेले, आणि नव्या डॉक्टरांपैकी अनेकांनी असा रुग्ण शिकताना क्वचितच पाहिलेला असतो. आजही भारतात वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे आहेत. शोध नीट घेतला की रुग्णसंख्या वाढते, आणि ती वाढली की वरून विचारणा होते. मग खालचा कर्मचारी शोधच बेताने घेऊ लागतो. म्हणून ३० जानेवारीच्या ग्रामसभेत आणि जिल्ह्याच्या पातळीवर कोणाचेही नाव न घेता तीन आकडे वाचून दाखवावेत: वर्षभरात नवे रुग्ण किती, त्यांत मुले किती, आणि पहिल्या तपासणीलाच हातापायांत विकृती आलेले किती. मुलांमधला रोग म्हणजे गावात लागण चालू असल्याची खूण. विकृती म्हणजे आपण उशिरा पोहोचल्याची. दुसरा आणि तिसरा आकडा खाली येत असेल, तर पहिला वाढला म्हणून कोणाला जाब विचारू नये, उलट पाठ थोपटावी.

असे काम आणि असा हिशेब इतर दिनांनाही लावून पाहता येईल. १९ जूनच्या सिकलसेल (आईबापांकडून मुलांत येणारा रक्तविकार) दिनाला आदिवासी भागातल्या तरुणांची लग्नाआधी रक्ततपासणी, २४ मार्चच्या क्षयरोग दिनाला मध्येच उपचार सोडलेल्यांचा शोध अशी कामे सहज नेमता येतात. ज्या दिनाला असे एकही काम सुचत नाही, तो टीकाकारांनी खुशाल कॅलेंडरवरून काढून टाकावा.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. ३० जानेवारीच्या अंकात कुष्ठरोगावर मजकूर येतो, तेव्हा त्यासोबत बहुधा झडलेल्या बोटांचे किंवा आश्रमातल्या वृद्धाचे छायाचित्र असते. ते पाहून दंडावर नुकताच फिकट डाग उमटलेला पंचवीस वर्षांचा तरुण ‘हे माझे नव्हे’ म्हणत पान उलटतो. यंदा त्या जागी धडधाकट माणसाच्या कातडीवरचा सुरुवातीचा चट्टा छापावा, त्याखाली तो बधिर आहे का हे कापसाच्या टोकाने कसे पाहावे ते दोन ओळींत सांगावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व गोळ्या विनामूल्य मिळतात, हे ठळक अक्षरांत द्यावे.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग कर्मचारी,
जि. चंद्रपूर