सूचना : वळवाआधी टॉवरचे ताण तपासा

सर्व सभासदांना नमस्कार.

पुण्यातला वळीव सांगून येत नाही. दुपारी चारपर्यंत पान हलत नाही आणि पाचला झाडं आडवी. ज्यांच्या गच्चीवर किंवा अंगणात ताणांवर, म्हणजे तीन बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारांवर, उभे अँटेनाचे टॉवर आहेत, त्यांनी त्याआधी एकदा नीट पाहणी करावी.

असा टॉवर स्वतःच्या बळावर उभा नसतो. तीनपैकी एका बाजूचा ताण सुटला, की उरलेले दोन त्याला आपल्याकडे ओढतात. आपण वर बघत राहतो. खरं दुखणं बऱ्याचदा खाली असतं. अँकरची (तार जमिनीशी पकडून ठेवणाऱ्या आधाराची) सळई बाहेरून चकचकीत दिसते, पण मातीत शिरल्यावर गंजत जाते. माती थोडी उकरून पाहा. कठड्याच्या विटांत ठोकलेला हुक म्हणजे अँकर नव्हे (हे पुन्हा लिहावं लागतंय!). दुमडलेली तार आवळणाऱ्या क्लॅम्पचा यू-बोल्ट तारेच्या मोकळ्या टोकावर बसवा, भार घेणाऱ्या तारेवर नाही. टर्नबकल (तार घट्ट-सैल करायचा फिरवता जोड) वाऱ्याच्या थरथरीने हळूहळू उलगडतो, म्हणून त्यातून तार ओवून बांधा. तारेतली ओढ साधारणपणे तिच्या तुटण्याच्या क्षमतेच्या १० टक्के असावी.

जुनी तार सोडण्याआधी तात्पुरता ताण बांधलाच पाहिजे. पोलंडमधला ६४६ मीटरचा मास्ट (ताणांवर उभा रेडिओ मनोरा) ८ ऑगस्ट १९९१ रोजी तारा बदलतानाच कोसळला.

एकट्याने चढू नका. मदतीला माणसं हवी असतील तर शनिवारपर्यंत ग्रुपवर लिहा, रविवारी सकाळी उन्हाआधी येऊ.