रोस्टर हातात आला आहे तर

नागपूर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

युनिटचा रोस्टर, म्हणजे डॉक्टरांच्या ड्यूटीचं वेळापत्रक, तुझ्याकडे आल्याचं कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जेआर-वनची (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर) पोरं 36-36 तास उभी असतात, त्यावर योगाचं सत्र हा उपाय नव्हे. सलग ड्यूटी साधारण 12 तासांच्या वर नको, हे 1992च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेतच आहे. मग गाडी अडते कुठे?

अडते सकाळच्या राउंडला. इमर्जन्सीच्या दिवशी लागलेला जेआर रात्रभर ॲडमिशन घेतो. सकाळी तो सुटायला हवा, पण रात्रीचे पेशंट त्याच्याच डोक्यात असतात. म्हणून त्याला थांबवतात, मग राउंडमधली कामंही त्याच्याच गळ्यात पडतात आणि संध्याकाळ होते. रात्रीसाठी वेगळा जेआर नेमलास तरी ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सोपवणं) कच्चा असेल तर हेच होणार.

ओव्हर कॉटजवळच घे, सिस्टरला सोबत ठेव, सर्वांत सिरियस पेशंट आधी. प्रत्येकाचं पाच गोष्टींत सांगायचं: किती सिरियस, थोडक्यात हकिगत, राहिलेलं काम, काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं. पाचवी गोष्ट घेणाऱ्याची, त्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. नेमकी हीच घाईत गळते. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत बालरोग विभागांनी ही पद्धत शिकवून राबवली, तेव्हा वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या. 2014 मध्ये ते छापून आलं.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यूचे वॉर्ड भरतात, तेव्हा फरक दिसेल. ‘14 नंबर, ताप उतरला, बरा आहे’ हा ओव्हर घातक. ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव) झिरपण्याचा धोका असतो. त्याऐवजी असं हवं: ‘पाचवा दिवस, ताप सकाळी उतरला. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) रात्री 10ला पाठवायचंय. आधीपेक्षा 20 टक्क्यांनी चढलं, पोट दुखू लागलं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच सीनियरला फोन.’ एवढं कागदावर असलं की ओव्हर देणारा जेआर निर्धास्त घरी जाऊ शकतो.

झोपेचंही रोस्टरमध्येच लिही. पहाटे 3 ते 5 डोकं सर्वांत मंद चालतं. त्याआधी आळीपाळीने 20-30 मिनिटांची डुलकी मिळू दे, तेवढा वेळ फोन दुसऱ्याकडे. तासभर झोपू दिलंस तर उठल्यावर भान यायला वेळ लागतो. अशा वेळी लगेच सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकायला लावू नको. चहा-कॉफी रात्रीच्या पूर्वार्धात, पहाटे घेतली तर दिवसाची झोप जाते. नाइट संपल्यावर झोपेच्या तारेत दुचाकी काढू देऊ नको.

आणि होस्टेलचं पाहा. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी कूलरशिवाय नाइटवाला झोपेल कसा? टाकीत पाणी सकाळीच भरलेलं हवं, खोलीही दिवसाची ड्यूटी असणाऱ्यांपासून वेगळी.

सॅम्पल लॅबला पोचवणं, ट्रॉली ढकलणं, एक्स-रेची फिल्म शोधणं ही कामं जेआरकडून काढून घे. त्यासाठी अधीक्षकांशी भांडावं लागेल, भांड. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ड्यूटी रूममध्ये लाव; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. मात्र कोणी ‘जमत नाहीये’ म्हणालं, तर त्या रात्रीची ड्यूटी कोण घेणार हे नाव रोस्टरवर आधीच असू दे. बदली माणूस ठरलेला नसला की पोरं गप्प बसतात, हे मला सर्वांत जास्त सलतं.

पहिल्या महिन्याचा रोस्टर बनला की पाठव, बसून बघू.

तुझा,
श्रीकांत