गेटवरच्या मामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमचा फोन नंबर मी कधी घेतलाच नाही, आणि गेल्या महिन्यात भोसरीला गेले तर केबिनमध्ये दुसरेच गृहस्थ बसले होते. सिक्युरिटीचं कंत्राट बदललं म्हणाले. तुमचं नावही मला माहीत नाही. सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही.

आठवावं म्हणून सांगते. २०२३ चा मे महिना, गुरुवार, दुपारचे बारा. भोसरी एमआयडीसीच्या एस ब्लॉकमधल्या बंद शटरांपुढून फोल्डर छातीशी धरून चकरा मारणारी मुलगी, ती मी. डिप्लोमा मेकॅनिकलच्या चौथ्या सेमिस्टरची परीक्षा झाली होती आणि एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) अभ्यासक्रमाप्रमाणे सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग करायचं होतं. कॉलेजने शिक्का मारलेलं एक पत्र हातात दिलं आणि सांगितलं, कंपनी तुमची तुम्ही शोधा. मी त्याच्या २२ झेरॉक्स काढल्या होत्या. भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते, हे त्या २२ कागदांपैकी एकावरही नव्हतं.

"आज हितं मी आणि कुत्री," तुम्ही म्हणालात, आणि स्टूल पुढे सरकवलंत.

पत्र तुमच्याकडे ठेवून जाते म्हटल्यावर तुम्ही तो ट्रे दाखवलात. निळा, कडेला फुटलेला, अर्जांनी भरलेला. मग गाड्यांच्या नोंदी करायला घेतलेला कच्चा कागद उलटा केलात. मागे कुणाचा तरी बायोडाटा होता. फोटोत टाय लावलेला मुलगा, आणि त्याच्या पाठीवर तुमच्या अक्षरात टेम्पोचा नंबर, आत ९.४०, बाहेर १०.१५. तो मुलगा अजून फोनची वाट बघत असेल, असं माझ्या मनात आलं. तुमच्याही आलं असावं, कारण तुम्ही कागद पुन्हा पालथा घातलात.

कॉलेजात 'करिअर गायडन्स'ची दोन लेक्चरं झाली होती. टाय कसा बांधायचा तेही त्यात होतं. पण कुठल्या कंपनीत काम आहे हे कसं ओळखायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आवक-जावकचं रजिस्टर उघडलंत. ज्याचा टेम्पो आठवड्यातून एकदा येतो त्याच्याकडे मशिनी थंड असणार. ज्याचा दिवसातून तीनदा येतो तिथे हात कमी पडतात, तिथे जा. माल आल्या-गेल्याच्या साध्या चलनांच्या वहीतून तुम्ही मला सहा नावं काढून दिलीत. सकाळी जाऊ नकोस, तेव्हा पहिला पीस पास करायची घाई असते. साडेतीनला शिफ्ट सुटते, सुपरवायझर चहाला टपरीवर येतो, तेव्हा गाठ.

आणि मी न विचारताच तुम्ही दुसरी गोष्ट बोललात. त्याआधी चार ठिकाणांहून मला फोनवर एकच उत्तर मिळालं होतं, "मुलींसाठी आमच्याकडे सोय नाही." सोय म्हणजे संडास. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात बायका-पुरुषांची सोय वेगळी हवी असं लिहिलं होतं, पण गेटवर उभं राहून कायदा कुणाला ऐकवणार? तुम्ही म्हणालात, संध्याकाळी बाया कुठल्या गेटमधून बाहेर पडतात ते बघ, तिथं सोय असतीच. सहापैकी तीन नावांपुढे तुम्ही टिंब दिलंत.

मग मी ते विचारलंच. "मामा, तुमची ओळख आहे तर एक शब्द टाका ना." तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, वॉचमनच्या ओळखीची पोरगी म्हणून आत घेतील, आणि सहा आठवडे ऑफिसात फायली लावायला बसवतील. मशीनपाशी उभं राहायचं असेल तर आपल्या पायानं जा. खरं सांगू? तेव्हा राग आला होता. घरी मावशीने तर ऐकवलंच, ओळखीशिवाय कुठे काय होतं. आज आभार मानायचेत ते सगळ्यात आधी त्या नकाराचे.

अर्जही तुम्ही वाचायला मागितलात. "आपल्या नामांकित कंपनीत" यावर बोट ठेवून म्हणालात, नामांकित काढ, पाच मशिनींचा मालक हसंल. मालक तीन गोष्टींना भितो: पोरगी जखमी झाली तर, पगार मागितला तर, आणि कागदपत्रांचं लचांड मागे लागलं तर. मी घरी जाऊन पुन्हा लिहिलं. तारीख अमुक ते तमुक, अपघात विमा कॉलेजचा, स्टायपेंडची अट नाही, ट्रेनिंगच्या डायरीवर आठवड्यातून एकदा सही लागेल. झालं. अर्ध्या पानात बसलं. (स्टायपेंडचं वाक्य लिहिताना हात जड झाला होता. बसचा पास आणि डबा शेवटी वडिलांच्याच खिशातून गेला.)

तुमचं सगळंच खरं ठरलं असं नाही. टिंब दिलेल्या पहिल्या कंपनीने गेटच्या आतही घेतलं नाही. दुसरीकडे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी टपरीवर सुपरवायझर भेटले, अर्ज वाचला, चहा अर्धा ठेवून मला आत घेऊन गेले आणि एक बुश (नळीसारखा छोटा पार्ट) आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात दिलं. मी आधी व्हर्निअरचे जबडे मिटवून झीरो बघितला, म्हणजे मिटल्यावर शून्यच दाखवतं ना ते, मग माप घेतलं. २४.९८ मिलिमीटर. "परत घे." पुन्हा २४.९८. तिसऱ्यांदा बुश फिरवून घ्यायला लावलं. तेच. त्यांनी विचारलं, "झीरो बघायला कुणी शिकवलं?" आमच्या वर्कशॉपच्या सरांनी, म्हटलं. "सोमवारपासून ये. सेफ्टी शूज आणायचे."

मामा, चार नंबरचे सेफ्टी शूज अख्ख्या भोसरीत मिळाले नाहीत. सहा नंबरचे घेतले, दोन-दोन मोजे घालून सहा आठवडे काढले. पहिले पंधरा दिवस गो आणि नो-गो गेज (एक बाजू भोकात जायला हवी, दुसरी जायला नको) घेऊन भोकं तपासली, मग बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) काढले, आणि शेवटच्या आठवड्यात व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) सेटरने एक ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) मला टाकू दिला. वर्गातल्या काहींनी तेवढ्यात दोन-दोन हजार देऊन घरबसल्या सर्टिफिकेट आणलं. तोंडी परीक्षेत गेजची कुठली बाजू आत जायला नको, ते त्यांना सांगता आलं नाही. मार्क मात्र माझ्याइतकेच पडले, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता मी चाकणला एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात आहे. गेल्या महिन्यात हेच सगळं कागदावर लिहून, पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. नवे गृहस्थ म्हणाले, "ठेवून जा, ट्रेमध्ये टाकतो." ट्रे तोच, निळा, कडेला फुटलेला.

पेढे त्यांना दिले. पत्र परत आणलं.

आपली,
गुरुवारी आलेली पोरगी